हळदीचा कागद आणि इंग्रजीचा धडा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात, वारजे येथे केलेले भाषण)



 मी काही व्याख्याती नव्हे. मराठी शाळेत पुष्कळ वर्षे विज्ञान शिकविले आणि निवृत्त झाल्यावर शाळाशाळांतून मुलांकडून लहानसहान प्रयोग करवून घेते, एवढीच माझी पात्रता. तेव्हा मोठ्या सिद्धान्तांची अपेक्षा माझ्याकडून करू नये, ही विनंती.

निमंत्रण द्यायला आलेल्या आपल्या चिटणीसबाईंनी मला एक अडचण सांगितली. मुलांसाठी इंग्रजी संभाषणाचा वर्ग काढावा की विज्ञानाचे काही उपक्रम घ्यावेत, असा प्रश्न मंडळापुढे आहे. शिल्लक रक्कम एकाच कामापुरती आहे आणि सभेत मते दोन्ही बाजूंना पडली. या प्रश्नावर मी बोलावे, असा त्यांचा आग्रह पडला. माझे म्हणणे थोडक्यात असे की, ही दोन कामे वेगळी काढण्याचे कारण नाही. हाताने प्रयोग करता करता मूल विज्ञान आणि इंग्रजी एकाच बैठकीत शिकू शकते. मात्र त्यात एक क्रम पाळावा लागतो, आणि त्या क्रमात घरच्या बोलीला, म्हणजेच आईला, मानाचे पान आहे.

हा प्रश्न आपल्या वारज्यापुरता लहान नाही. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकविले जाऊ लागले. पुढे सेमी इंग्रजीचे वर्ग गावोगाव निघाले. इतर विषय मराठीतून, पण गणित आणि विज्ञान तेवढे इंग्रजीतून, अशी ही व्यवस्था. १९९७ साली आपले गाव महापालिकेच्या हद्दीत आले. तेव्हापासून गावठाणातल्या, माळवाडीतल्या आणि नव्या सोसायट्यांतल्या बायका एकमेकींना भेटल्या की पहिला प्रश्न एकच असतो : मुलाला कुठल्या माध्यमात घातले? या प्रश्नामागे हौस असते तितकीच धास्तीही असते. आपल्याला जे दार बंद राहिले ते मुलांना तरी उघडावे, ही ती धास्ती. तिला हसण्यात अर्थ नाही.

पण दार उघडल्यावर आत काय होते, तेही पाहावे लागते. सातवीपर्यंत विज्ञानाच्या तासाला सारखे प्रश्न विचारणारी एक मुलगी माझ्या परिचयाची होती. आठवीत विज्ञान इंग्रजीतून सुरू झाले आणि ती गप्प झाली. गुण कमी पडले नाहीत, कारण पाठांतर उत्तम. ‘इव्हॅपोरेशन’ची व्याख्या ती घडाघडा म्हणून दाखवी. पण ओले लुगडे सावलीत टाकले तरी ते वाळते ते कसे, असे विचारले की खाली पाही. दहावीनंतर तिने विज्ञान सोडले. त्यात बुद्धीची उणीव नव्हती. ‘अकरावीला सगळेच इंग्रजीत असते, मला नाही झेपायचे,’ एवढेच तिचे उत्तर. अशा मुली मी एकदोन नाही, पुष्कळ पाहिल्या. मुलगा अडला तर घरचे शिकवणी लावतात; मुलगी अडली तर ‘राहू दे, दुसरे काही घे’ असे म्हणतात. म्हणून हा प्रश्न महिला मंडळाचाच आहे असे मी समजते.

आता त्या क्रमाकडे वळते. एखादी प्रयोगशाळा लागेल असे वाटत असेल तर तसे काही नाही. चमचाभर हळद पाण्यात कालवून जाड टिपकागदाच्या पट्ट्यांना लावावी आणि पट्ट्या वाळवाव्यात. चार चार मुलांचे गट करावेत. प्रत्येक गटाला पट्ट्या, साबणाचे पाणी, खाण्याचा सोडा, लिंबाची फोड आणि चिंचेचे पाणी द्यावे. पहिली वीस मिनिटे कोणी काही शिकवू नये. मुले पट्टी साबणात बुडवतात, ती लालसर होते. तीच लिंबाच्या रसात बुडवली की पुन्हा पिवळी होते. एवढ्यावर वर्गात जो गलका उठतो तो मराठीत असतो, आणि तो उठू द्यावा. ‘अगं, लाल झाली!’ ‘सोड्यानं पण होते का बघ.’ ‘चिंचेनं नाही होत.’ इथे विज्ञानाचे अर्धे काम झालेले असते, कारण मुलांनी वस्तूंच्या दोन राशी आपणहून पाडलेल्या असतात.

तुम्हा आम्हाला यात नवे काय आहे? पांढऱ्या कपड्यावर आमटीचा डाग पडून त्याला साबण लागला की तो लाल होतो, हे कुठल्या गृहिणीला ठाऊक नाही? जुन्या पद्धतीचे कुंकूही हळदीला चुना किंवा टाकणखार यांसारखा क्षार लावूनच करीत. हळदीकुंकवाच्या दोन कोयऱ्यांत रसायनशास्त्राचा एक पुरा धडा शेजारी शेजारी बसलेला असतो. मुलांच्या शिक्षिकेला ही गोष्ट सांगायला आईच हवी.

यानंतर इंग्रजीची पाळी. फळ्यावर चारच शब्द लिहावेत : डिप, टर्न, रेड, येलो. मग मुलाने स्वतः जे केले तेच या शब्दांत सांगायचे. ‘आय डिप द पेपर इन सोप वॉटर. इट टर्न्स रेड.’ जो ‘टर्न’ शब्द पुस्तकात ‘वळणे’ म्हणून पाठ केलेला असतो, तो इथे ‘होणे’ म्हणून भेटतो, आणि हातात पट्टी असल्यामुळे त्याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. थोड्या वेळाने एखादी धीट मुलगी म्हणते, ‘इफ आय ॲड लेमन ज्यूस, इट टर्न्स येलो अगेन.’ व्याकरणाच्या पुस्तकात ‘जर-तर’ची वाक्ये रुक्ष असतात. इथे ती आपोआप निघतात, कारण प्रयोग म्हणजेच जर आणि तर. ‘ॲसिड’ आणि ‘बेस’, आम्ल आणि आम्लारी, ही नावे सर्वांत शेवटी द्यावीत. तोवर मुलांच्या मनात ती नावे ठेवायला दोन डबे तयार झालेले असतात.

हात आधी, मग मराठी, मग इंग्रजी, आणि परिभाषा शेवटी : हा तो क्रम. बहुतेक वर्गांत तो नेमका उलटा चालतो. आधी इंग्रजी परिभाषा, मग तिचे मराठी भाषांतर, आणि प्रयोग वेळ उरला तर.

मराठीला मधली जागा का द्यायची, असे काही भगिनी विचारतील. थेट इंग्रजीच का नको? याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरात आहे. साखर विरघळते, बर्फ वितळतो, दूध आटते, कपडे वाळतात, कापूर उडून जातो, गढूळ पाणी निवळते. ही सहा क्रियापदे पाहा. ‘मेल्ट’ आणि ‘डिझॉल्व्ह’ यांत इंग्रजी शाळेतली मुलेसुद्धा गल्लत करतात. साखर पाण्यात ‘मेल्ट’ झाली म्हणतात. पण मराठी बोलणारे पाच वर्षांचे पोरही ‘साखर वितळली’ असे सहसा म्हणत नाही. पदार्थ नुसत्या उष्णतेने पातळ होणे वेगळे आणि पाण्यात मिसळून दिसेनासा होणे वेगळे, हा भेद त्याच्या आईने त्याच्या तोंडी आधीच घातलेला असतो. आपण एवढेच करायचे, की विरघळण्याशी ‘डिझॉल्व्ह’ आणि वितळण्याशी ‘मेल्ट’ यांची गाठ बांधून द्यायची. ज्या मुलाची मराठी क्रियापदे आपण बाजूला सारतो, त्याच्याकडून विज्ञानाची अर्धी कमाई काढून घेतो.

मात्र मराठीचा अभिमान बाळगताना एक गोष्ट विसरू नये. पुस्तकी मराठीही मुलाला परकी असू शकते. ‘ऊर्ध्वपातन’ हा शब्द ऐकून मूल जितके बावरते, तितकेच ‘डिस्टिलेशन’ ऐकून बावरते. मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ साली निघाले. त्या केंद्राच्या डॉ. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरुवातीच्या वर्षांत जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातील शाळांत काम केले. मुले विज्ञानात मागे पडतात त्याचे एक मोठे कारण पुस्तकाची जड भाषा हे आहे, असे त्यांना आढळले. मजकूर तोच ठेवून भाषा सोपी केली की मुले पुढे सरकतात, हेही त्यांनी दाखविले. ती मुले मराठीतच शिकत होती, हे ध्यानात घ्या. म्हणजे नुसते माध्यम बदलून भागत नाही. शब्दाच्या आधी वस्तू हातात यावी लागते.

हाताने शिकण्याची परंपरा आपल्याकडे नवी नाही. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली खेड्यातल्या शाळांसाठी प्रयोगांतून विज्ञान शिकविण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पुण्याच्या टेल्को कारखान्यात काम करणारे तरुण अभियंता श्री. अरविंद गुप्ता १९७८ साली वर्षभराची रजा घेऊन तिकडे गेले. आठवड्याच्या बाजारात मिळणारी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि आगपेटीच्या काड्या जोडून त्यांनी त्रिकोण, चौकोन, घरे उभी केली. चौकोन दाबला की कलतो आणि त्रिकोण जागचा हलत नाही, हे मुलांच्या बोटांना समजले. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारात, आयुका या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून शेकडो खेळणी केली आणि त्यांच्या छोट्या चित्रफिती निरनिराळ्या भाषांत काढल्या. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या कामाच्या दृष्टीने मला त्या चित्रफितींचे मोल फार वाटते. खेळणे तेच, हात तेच. बोलणे एकदा मराठीत, एकदा इंग्रजीत. मुलांनी आधी मराठीतली पाहून खेळणे करावे आणि मग इंग्रजीतली ऐकावी, म्हणजे वेगळा शब्दकोश लागत नाही.

आपल्याच जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातील पाबळ येथे, डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमणारी मुलेही वेल्डिंग, शेती, वीज, आरोग्य अशी खरी कामे करताना शिकतात, हे त्यांनी दाखवून दिले.

आणि भगिनींनो, इंग्रजी आणि मातृभाषा यांचा मेळ कसा घालावा हे पाहायला तर फार लांब जायला नको. शेजारचे कर्वेनगर म्हणजे पूर्वीचे हिंगणे. फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविणाऱ्या अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आपला आश्रम तेथे नेला आणि १९१६ साली महिलांचे विद्यापीठ स्थापन केले. शिक्षणाचे माध्यम मातृभाषा आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, अशी त्यांची योजना होती. स्त्रियांना इंग्रजी नको असे त्यांनी म्हटले नाही, आणि इंग्रजीवाचून ज्ञानच नाही असेही म्हटले नाही. त्याच्याही आधी सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ सालच्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजीला माऊली म्हणून गौरविले. शूद्रातिशूद्रांना आणि स्त्रियांना ज्ञानाचे दार बंद होते. ते उघडणारी भाषा म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिले. आज वारज्यातली जी आई ‘माझ्या पोरीला इंग्रजी आलेच पाहिजे’ म्हणते, ती त्याच इच्छेची वारसदार आहे.

परदेशातलेही एक उदाहरण सांगते, कारण ते मातांनी घडविलेले आहे. कॅनडात माँट्रियल शहराजवळ सेंट लँबर्ट नावाची वस्ती आहे. तेथील इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील काही पालकांनी, त्यांत माता पुढे होत्या, आपल्या मुलांना फ्रेंच नीट यावे म्हणून शाळेच्या अधिकाऱ्यांकडे चिकाटीने पाठपुरावा केला आणि १९६५ साली फ्रेंचमधून शिकविणारा बालवर्ग सुरू करविला. मुले चांगले फ्रेंच शिकली आणि त्यांचे इंग्रजीही बिघडले नाही. या प्रयोगाची नक्कल जगभर झाली. पण नक्कल करणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. त्या मुलांची घरची भाषा इंग्रजी होती. तिला रस्त्यात, दुकानात, पुस्तकालयात कुठेच कमीपणा नव्हता. आपल्या मुलांची घरची भाषा मात्र शाळेच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायला लावतात. तो कमीपणा आधी काढला, तरच दुसरी भाषा सुखाने अंगी लागेल.

आता काही शंकांचा विचार करू. शिक्षक म्हणतात, वर्गात पन्नास मुले आणि पोर्शन संपवायचा. प्रयोग कधी करावेत? त्यांची अडचण खरी आहे, आणि म्हणूनच मंडळासारख्या संस्थेने शनिवारची दुपार त्यांना द्यावी. दुसरी शंका अशी, की अशा कार्यशाळांचा तमाशा होतो. बाई टेबलावर काहीतरी करून दाखवितात, मुले टाळ्या वाजवितात आणि विसरतात. हीही खरी आहे. त्यावर उपाय म्हणून मी तीन नियम पाळते. प्रत्येक गटाच्या हातात सामान असलेच पाहिजे. प्रत्येक मुलाने वहीत एक चित्र आणि तीन वाक्ये स्वतः लिहिली पाहिजेत, एक मराठीत आणि दोन इंग्रजीत. आणि केलेली वस्तू मुलाने घरी नेऊन आईला समजावून सांगितली पाहिजे. इंग्रजी चुकले तर हसायचे नाही. बाईंनी तेच वाक्य बरोबर करून म्हणायचे आणि पुढे जायचे.

तिसरी शंका काही भगिनींनी मला आताच चहाच्या वेळी बोलून दाखविली, आणि ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘आम्हाला इंग्रजी येत नाही, मग आम्ही तिथे येऊन काय करणार?’ बायांनो, इंग्रजी शिक्षिका देतील. तुमचे काम त्याच्या आधीचे आहे. तूप कढवताना बेरी खाली का बसते, पापडखार किती घालायचा, बटाटा मिठाच्या पाण्यात तरंगतो का, हे विचारायचे, आणि मूल सांगेल ते ऐकून घ्यायचे. आईसमोर बोलून दाखविताना मुलाला स्वतःलाच कळते की आपल्याला काय समजले आणि काय नाही. मुलाबरोबर ‘फ्लोट’ आणि ‘सिंक’ हे दोन शब्द तुम्हीही घरी न्याल, तर मंडळाचे पैसे दुप्पट सार्थकी लागतील.

माझी सूचना आता स्पष्ट मांडते. इंग्रजीचा वेगळा वर्ग नको आणि विज्ञानाचे वेगळे प्रदर्शनही नको. महिन्यातून एक शनिवार, असे सहा शनिवार घ्यावेत. पहिला हळदीच्या कागदाचा. दुसरा पाण्यात बुडणारा आणि मीठ भरपूर घातले की तरंगणारा बटाटा. तिसरा विरघळण्याचा आणि वितळण्याचा. चौथा कागदी स्ट्रॉच्या पिपाणीचा : स्ट्रॉचे टोक चपटे करून बाणासारखे कापायचे, फुंकायचे, आणि कात्रीने थोडी थोडी लहान करीत जायची, नळी आखूड होईल तसा आवाज चढतो, आणि ‘शॉर्टर’, ‘हायर’ हे शब्द कानानेच कळतात. पाचवा काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचा. सहावा पाण्याचा : गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची, निवळलेले पाणी वाळूतून आणि फडक्यातून गाळायचे. आपल्याच वारज्यात महापालिकेचे जलकेंद्र आहे. रीतसर परवानगी मिळाली, तर आपल्या माठाजवळची तुरटी आणि शहराचे पाणी शुद्ध करण्याची रीत यांचे नाते मुलांना प्रत्यक्ष दाखविता येईल. ‘सेटल’ आणि ‘फिल्टर’ हे शब्द मग पुस्तकात आले तर ओळखीचे निघतील.

खर्च फार नाही. कागद, स्ट्रॉ, ट्यूब आणि मुलांचा खाऊ. चुना मुलांच्या हाती देऊ नये आणि जाळ असेल तेथे एक मोठी बाई उभी असावी, एवढी काळजी घ्यावी. शिक्षिका मिळेपर्यंत पहिले दोन शनिवार मी स्वतः येईन. मुलींची नावे आधी घ्यावीत, विशेषतः सातवी-आठवीतल्या. कारण गप्प होण्याचे वय तेच असते. एखादी मुलगी विज्ञानाच्या तासाला पुन्हा हात वर करू लागली, तर मंडळाने मोठे काम केले असे मी म्हणेन.

निर्णय अर्थातच आपला आहे, आणि तो आपण सभेत विचारपूर्वक घ्याल. तो अनुकूल झाला, तर पहिल्या शनिवारी येताना प्रत्येकीने घरची चमचाभर हळद तेवढी आणावी.